ऐंशी अंश, एक तास

वेर्ण्याच्या पठारावर, चार नंबरच्या शेडमध्ये
आमचं काम एवढंच :
दिव्याचं पारदर्शक झाकण
त्याच्या काळ्या बुडाला चिकटवायचं,
आत पाणी जाऊ नये असं.

दोन्ही प्लास्टिकच, पण एका आईची लेकरं नव्हेत.
ऊन लागलं की झाकण जास्त फुगतं, बूड कमी.
मधे जो राहील त्याला ताणता आलं पाहिजे.
म्हणून सिलिकोन.

आधीचं हवेतला ओलावा पिऊन घट्ट व्हायचं.
आंबूस वास सुटायचा शेडभर.
आंतोनेत म्हणायची,
सासू सुरेचं व्हिनेगर मुरवते त्या खोलीत आल्यासारखं वाटतं.
गोव्यात ओलाव्याला काय तोटा,
तरी कडेपासून मध्यापर्यंत पोचायला तीन दिवस घ्यायचं,
आणि ट्रक संध्याकाळी दारात.

मग हे नवं आलं.
दोन नळ्यांतून निघतं, सुईच्या टोकाशी एक होतं.
भट्टीत ऐंशी अंश, एक तास.

पुण्याचे साहेब म्हणाले, दीडशे करा,
दहा मिनिटांत होईल.
सिलिकोनबद्दल त्यांचं बरोबर होतं.
झाकणांना कुणी विचारलं नव्हतं.
ट्रे बाहेर काढला, चाळीसच्या चाळीस वाकडी,
एकही आपल्या बुडावर बसेना.
साहेबांनी ट्रेचा फोटो काढला आणि जेवायला गेले.
आम्ही काटा परत ऐंशीवर आणला.

ऑगस्टात मात्र ऐंशीवरही ते जमेना.
तासाने बोट लावलं, चिकट.
दोन तासांनी, चिकट.
दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाबरोबर तार निघाली.

मी क्वालिटीची. शोधणं माझ्याकडे.
भट्टीचा काटा पाहिला, नळ्यांवरच्या तारखा पाहिल्या,
दोन्ही भाग काट्यावर तोलून पाहिले.
सगळं जागच्या जागी.
मग उरलं माणूस.
रजिस्टरमध्ये लिहिलं :
ऑपरेटर रुक्मा वेळीप, निष्काळजीपणा.
लिहिताना ती समोरच उभी होती,
हातमोजे काढत होती, एकेक बोट ओढून.
पिवळे हातमोजे.
आमचे निळे असायचे.

स्टोअरवाल्या मिंगेलने सांगितलं,
जोडीमागे दोन रुपये वाचतात, बाई.
पिवळे रबराचे. रबरात गंधक.
आणि ह्या सिलिकोनमध्ये असतं प्लॅटिनम,
डब्याला चिमूटभरही नाही,
पण सगळं जमवून आणणारं तेच.
गंधकाचा हात लागला की ते गप्प होतं.
मग आच कितीही द्या.

निळे परत आले. तासाने बोट कोरडं निघालं.

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी सही आणि तारीख.
मी रेघ मारली.
रुक्माने वाकून पाहिली आणि म्हणाली,
माझं नाव अजून दिसतं.
हो, म्हटलं, नियम आहे.
नियम बरा आहे, म्हणाली, आणि चहाला गेली.
माझा कप आणला नाही.
चार दिवस आणला नाही.

शुक्रवारी ओढून पाहायची चाचणी.
एक टोक यंत्रात, दुसरं टोक यंत्रात,
तुटेपर्यंत ताण.
एका बाजूने स्वच्छ सुटलं तर नापास,
ते चिकटलंच नव्हतं कधी.
फाटताना मधोमध फाटलं,
थोडं झाकणावर राहिलं, थोडं बुडावर,
तर पास.
रुक्माने दोन्ही तुकडे उजेडात धरले,
नखाने खरवडून पाहिलं.
निघत नव्हतं.
लिही, म्हणाली.

रात्रीची बस बोरीच्या पुलावरून जाते.
खाली जुवारीत बार्ज नांगरलेली असते,
तिच्या टोकाला एक दिवा.
पावसात धूसर होत नाही तेव्हा बरं वाटतं.
आमचा की दुसऱ्या कुणाचा,
ते पुलावरून कळत नाही.